सुधा चंद्रन : पायाच्या गोष्टीपुढची नर्तकी आणि अभिनेत्री

अरैमंडी :

सुधा चंद्रन हे नाव काढलं की बोलणं हमखास जयपूर फुटावर जातं आणि तिथेच थांबतं. अपघात, कृत्रिम पाय, पुन्हा रंगमंच, मग सिनेमा. गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे, पण ती १९८६ ला संपते. त्यानंतर या बाईंनी जवळजवळ चार दशकं काम केलंय, त्यातलं बरंचसं टीव्हीवर, आणि त्या कामाबद्दल कुणी नीट बोलत नाही. मी नाशकात भरतनाट्यम शिकवते (आपल्याकडे कथकचा जोर जास्त, भरतनाट्यमचे वर्ग त्यामानाने कमी), त्यामुळे मी नाचाच्या बाजूनेच बोलणार. मला वाटतं, त्यांचा टीव्हीवरचा अभिनय भरतनाट्यममधूनच आलाय. नाच मागे पडला आणि मग अभिनय सुरू झाला, असं त्यांच्या बाबतीत झालेलंच नाही.

नवीन लोकांसाठी आधी थोडक्यात क्रम सांगते. तमिळ कुटुंब, वाढल्या मुंबईत. वडील के. डी. चंद्रन हिंदी सिनेमा-मालिकांत चरित्र भूमिका करायचे, २०२१ मध्ये ते गेले. मुलीला अगदी लहानपणी नाचात घातलं, मुंबईच्या कलासदनमध्ये शिक्षण झालं, शाळेत असतानाच अरंगेत्रम (रंगमंचावरचं पहिलं जाहीर सादरीकरण) झालं आणि कार्यक्रम सुरू झाले. मे १९८१ मध्ये आईवडिलांबरोबर तमिळनाडूत देवदर्शनाला गेल्या असताना त्रिचीजवळ बसला अपघात झाला. उजव्या पायाची जखम तशी जिवावरची नव्हती, पण ती नीट साफ न होताच वरून प्लास्टर चढलं, आत गँगरीन झालं आणि गुडघ्याखाली पाय कापावा लागला. वय पंधरा-सोळा.

पुढे जयपूरच्या डॉ. प्रमोद करण सेठींबद्दल एका मासिकात वाचून त्यांना पत्र घातलं, पाय बसवून घेतला आणि जानेवारी १९८४ मध्ये मुंबईत पुन्हा पूर्ण कार्यक्रम केला. तो गाजला. रामोजी रावांनी त्यावर 'मयूरी' हा तेलुगू चित्रपट काढला, दिग्दर्शक सिंगीतम श्रीनिवास राव, आणि नायिका स्वतः सुधाच. चित्रपट १९८५ चा. राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांना परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. १९८६ ला हिंदीत 'नाचे मयूरी' आला. बहुतेक लेख इथे आवरते घेतात.

आता २००१ ला या. स्टार प्लसवर 'कहीं किसी रोज' सुरू झाली आणि त्यात त्या रमोला सिकंद झाल्या. मोठमोठ्या टिकल्या, भरगच्च दागिने, गडद डोळे सगळ्यांना आठवतात. त्या मालिकेचा एखादा तुकडा आवाज बंद करून बघा. आमच्याकडे मुलींना सुरुवातीच्या काळातच आठ दृष्टिभेद, म्हणजे बघण्याच्या आठ पद्धती, शिकवतात : सम, आलोकित, साची, प्रलोकित, निमीलित, उल्लोकित, अनुवृत्त, अवलोकित. मान न वळवता बुबुळं कोपऱ्यात नेऊन रमोला बघते ती साची. समोरच्या बाईला नखशिखांत मोजून पुन्हा खाली येते ते अनुवृत्त. पापण्या अर्ध्यावर आणून ऐकत राहते ते निमीलित. आणि हे करताना मान, खांदे, ओठ जागचे हलत नाहीत. एक अवयव चालवायचा आणि बाकीचे रोखून धरायचे, याला वर्षानुवर्षांची मेहनत लागते. निव्वळ मेकअपने ते होत नाही.

तुम्हाला त्यांचं कुठलं काम आठवतं? नाचाचे असाल, मालिकांचे असाल, सगळ्यांनी लिहा.


सातपूरची_सून :

ताई, धाग्याबद्दल मनापासून आभार. आमच्याकडे 'कहीं किसी रोज' म्हणजे सासूबाई, जाऊबाई आणि मी, तिघींची हक्काची वेळ. मालिका रात्री उशिरा लागायची, त्यामुळे स्वयंपाकघर आवरून, सकाळची भाजी निवडायला घेऊन बसायचो. कथेत तेव्हा खून, कारस्थानं काय काय चालायचं, आता धड सांगता येणार नाही. रमोला मात्र अजून डोळ्यांसमोर आहे. दहीपुलावरच्या दुकानात तशा टिकल्यांची पाकिटं टांगलेली असायची आणि दुकानदार त्याच नावाने विकायचा.

ही 'नाचे मयूरी'तलीच मुलगी हे मला खूप नंतर कळलं. सासूबाईंना सांगितलं तर त्यांचा विश्वासच बसेना. "इतकी ताठ चालते ती," म्हणाल्या. त्यानंतर त्या पाय बघायला लागल्या आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा चेहऱ्याकडेच बघायला लागल्या. तुम्ही डोळ्यांचं लिहिलंत ते वाचताना हेच आठवलं.

२००७ मध्ये त्या 'झलक दिखला जा'च्या दुसऱ्या पर्वातही होत्या. तेव्हा चाळिशीच्या आसपास असतील. दर आठवड्याला नवीन प्रकारचा नाच, तोही जोडीदाराबरोबर. भरतनाट्यममध्ये एकटीने नाचायची सवय असलेल्या बाईला ते किती वेगळं गेलं असेल!


ठेका_कायदा :

मी तबलावाला, कथकच्या वर्गांना आणि कार्यक्रमांना साथ करतो. अरैमंडीताईंचा मुद्दा पटतो, पण सगळं श्रेय डोळ्यांना देऊ नका. आवाजाकडेही लक्ष द्या. रमोलाचं वाक्य सरळ धावत नाही. शेवटच्या शब्दाआधी ती थांबते, समोरच्याला वाटतं बोलणं संपलं, आणि मग तो शब्द टाकते. तो नेमका समेवर पडल्यासारखा येतो. ज्याच्या अंगात लय मुरलीय त्यालाच इतका वेळ थांबायची हिंमत होते. मालिकांतले पुष्कळ नट वाक्य संपवण्याच्या घाईत असतात. सुधाताई त्या रिकाम्या मात्रेला घाबरत नाहीत.

एक शंका. कथकमध्ये तळव्याचा नादच सगळं काही. रबराच्या पंजावर पदन्यास कसा काढला असेल? एका पायाचा आवाज एक आणि दुसऱ्याचा दुसरा, हे साथीदाराला पहिल्या आवर्तनातच कळतं.


नाशिकरोड_चालता :

या धाग्यावर लिहायलाच हवं. मी गुडघ्याखालच्या कृत्रिम पायावर चालतो. कामावर असताना अपघात झाला, त्याला बराच काळ लोटला.

आधी माहिती. जयपूर फूट हा खरं तर खालचा पंजा. त्याच्यावर नळी आणि तिच्या टोकाला सॉकेट, ज्यात आपला उरलेला पाय बसतो. साठच्या दशकाच्या शेवटी जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. सेठी या दोघांनी मिळून तो पंजा घडवला. सेठींचं नाव सगळे घेतात, रामचंद्रजींचं राहून जातं, म्हणून मुद्दाम लिहिलं. त्याआधी जो परदेशी धाटणीचा पंजा मिळायचा तो बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी होता. घोट्यात कडक. त्यावर उकिडवं बसता येत नाही, मांडी घालता येत नाही, अनवाणी देवळात जाता येत नाही. जयपूर फूट बाहेरून व्हल्कनाइज्ड रबराचा, आत लाकूड आणि हलकं रबर. तो घोट्याशी वाकतो, थोडा आत-बाहेर वळतो, चिखलात आणि ढेकळांत चालतो. डॉ. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, म्हणजे सुधाताईंचा पाय गेला त्याच वर्षी. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून हे पाय फुकट बसवून देते.

आता त्रास. पंजाला स्नायू नाहीत. पाय आपटला की धक्क्यातला थोडा भाग रबर सोसतं, बाकीचा सॉकेटमधून नडगीच्या टोकाला लागतो. घामाने कातडी भिजते आणि सोलवटते. उरलेला पाय दिवसभरात थोडा बारीक होतो, मग आत जास्तीचा मोजा चढवावा लागतो. सरावात रक्त यायचं असं सुधाताईंनी मुलाखतींतून सांगितलंय, त्यात मला काहीही वाढवलेलं वाटत नाही.

आणि एक मनातलं. माझा पाय गेला तेव्हा भेटायला येणाऱ्या बऱ्याच जणांनी मला त्यांचीच गोष्ट सांगितली. ती नाचली, तुला चालायला काय होतंय, असा सूर. मी तेव्हा संडासापर्यंत जायला शिकत होतो. त्यांची गोष्ट माझ्यावर फेकून मारल्यासारखी वाटायची आणि त्यात त्यांचा काहीच दोष नव्हता. मी त्यांच्या जवळ गेलो तो ऑक्टोबर २०२१ च्या व्हिडिओमुळे. विमानतळावर तपासणीत दर वेळी कृत्रिम पाय काढायला लावतात, स्फोटकांचे अंश तपासणारं यंत्र असतं ते वापरा, असं त्यांनी थेट पंतप्रधानांना उद्देशून सांगितलं होतं. पुढे विमानतळांची सुरक्षा बघणाऱ्या सीआयएसएफने जाहीर माफी मागितली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं की अपंग व्यक्तीला तपासणीसाठी कृत्रिम अवयव काढायला लावू नये. इतकी वर्षं काम केलेली, देशभर ओळखली जाणारी बाई आणि तिच्यावरही ही वेळ. त्यांनी ते हसून सोडून दिलं नाही, थकव्यासकट आणि रागासकट सांगितलं. आमच्यासारख्यांच्या उपयोगी तेच पडलं.


अरैमंडी :

नाशिकरोड_चालता, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. वर्गात ही गोष्ट मुलींना कशी सांगायची, याचा मी आता वेगळा विचार करणार आहे.

ठेका_कायदा, तुमची शंका रास्त आहे. त्यांचा गुडघा वाचला, हे नाचाच्या दृष्टीने सगळ्यात मोठं. भरतनाट्यम ज्यावर उभं आहे ती अरैमंडी : टाचा जवळ, पंजे बाहेर, गुडघे दोन्ही बाजूंना मोडून अर्धं बसायचं. तो बाक गुडघ्याचा आणि मांडीचा, आणि ही दोन्ही त्यांची स्वतःची. घोटा मात्र नाही. म्हणजे तट्टडवूसारखा सपाट तळव्याने आपटायचा अडवू (नाचातला पायाहाताचा मूळ घटक) तालात बसवता येतो, पण कुदित्तमेट्टू हा अडवू फार अवघड. त्यात चवड्यांवर उडी घेऊन लगेच टाचा आपटायच्या असतात. रबरी पंजा अंगाला चवड्यावर तोलून धरत नाही, त्यामुळे उचल मांडीतून आणि कमरेतून घ्यावी लागणार, आणि तीही बघणाऱ्याला कळू न देता. आवाजही तुम्ही म्हणता तसा दोन पायांचा दोन तऱ्हेचाच येत असणार. घुंगरू त्यातला काही फरक झाकतात, सगळा नाही.

म्हणूनच मला वाटतं की कमरेवरच्या अभिनयावर त्यांचा भर आणखी पक्का झाला असावा. हा माझा तर्क आहे, पण नाच शिकवणाऱ्या बाईचा तर्क आहे. आणि टीव्हीचा कॅमेरा राहतो कुठे? कमरेच्या वरच.


सिडको_ते_गोरेगाव :

मालिकांच्या सेटवर बरीच वर्षं दिग्दर्शन विभागात सहायक होतो, आता नाशकात परत आलोय. सुधाजींबरोबर काम केलेलं नाही, पण नाचातून आलेले कलाकार सेटवर लगेच ओळखू येतात. ते का, ते सांगतो.

रोजच्या मालिकेत बारा तासांची शिफ्ट असते आणि त्यात जवळपास एक भाग उरकायचा असतो. पानं कधीकधी त्याच दिवशी हातात पडतात. एकच प्रसंग आधी मास्टरमध्ये (सगळे एकत्र दिसतात), मग सजेशनमध्ये (एकाच्या खांद्यावरून दुसरा दिसतो), मग प्रत्येकाचा क्लोज (नुसता चेहरा), असा पुन्हा पुन्हा होतो. मास्टरमध्ये ज्या शब्दावर हात उचलला त्याच शब्दावर क्लोजमध्येही उचलायला हवा, नाहीतर एडिटर डोकं धरून बसतो. नवीन नटाला हे समजावताना आमचा अर्धा दिवस जायचा. नर्तकीला सांगावं लागत नाही. तिचं अंग ते लक्षात ठेवतं. मार्कवरही, म्हणजे उभं राहायच्या खुणेवर, ती खाली न बघता बरोबर येऊन थांबते.

दुसरं म्हणजे रिॲक्शन. त्या काळच्या मालिकांत एक वाक्य पडलं की कॅमेरा खोलीतल्या प्रत्येकाच्या तोंडावर जायचा, मागे धाडधाड संगीत. लोकांना तो प्रकार आज खटकतो. पण ज्याच्यावर कॅमेरा येतो त्याच्या बाजूने बघा. वाक्य नाही, हालचाल नाही, पापणीही लवायची नाही आणि चेहऱ्यावर एका भावातून दुसऱ्यात जायचं, आधी धक्का आणि मग हिशोब. पुष्कळ नट डोळे मोठे करून थांबतात. रमोला थांबायची नाही, तिच्या चेहऱ्यावर काहीतरी पुढे सरकत राहायचं. दिग्दर्शकाला तो क्लोज कापावासा वाटत नाही. मग पडद्यावरचा वेळ वाढतो, लेखक त्या पात्राला जास्त लिहायला लागतात, आणि सहायक म्हणून आलेलं पात्र मालिका खांद्यावर घेतं.

आणि नाशिकरोड_चालता यांनी सॉकेटचं जे लिहिलंय ते बारा तासांच्या शिफ्टला, भारी साडी आणि दागिन्यांसकट जोडून बघा. सेटवर बसायला मिळेलच असं नसतं.


अरैमंडी :

रिॲक्शनचं जे सांगितलंत त्याला आमच्याकडे संचारी म्हणतात. पदम् (अभिनयावर भर असलेली रचना) करताना गायक एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणतो आणि नर्तकीने दर वेळी त्याच ओळीतून वेगळं काढायचं असतं. तो आला नाही : आधी वाट, मग राग, मग स्वतःचीच समजूत. शब्द तोच. तुमच्या एडिटरला जो क्लोज कापवत नाही, तो तिथून आलाय.


दूरदर्शन_पिढी :

मला मधल्या वर्षांबद्दल लिहायचंय. 'नाचे मयूरी'नंतर नायिकेच्या भूमिकांचा ओघ त्यांच्याकडे का आला नाही? माझं मत असं की पहिल्याच चित्रपटात त्या स्वतःचं आयुष्य जगल्या, आणि त्यानंतर निर्मात्यांना त्यांच्यासाठी दुसरं पात्र सुचेना. लोक थिएटरात 'ती मुलगी' बघायला जायचे. वेगवेगळ्या भाषांत त्या सहायक भूमिका करत राहिल्या. नव्वदच्या दशकात उपग्रह वाहिन्या आल्या, मालिकांची संख्या वाढली, रोज पडद्यावर दिसू शकतील अशा कसलेल्या चेहऱ्यांची गरज पडली, आणि तिथे त्यांना कुणी पायाबद्दल विचारलं नाही. त्यांच्या लेखी टीव्ही ही सिनेमात न जमलेल्यांची जागा नव्हती. अपघाताच्या गोष्टीशिवाय काम करायची पहिली संधी त्यांना तिथे मिळाली.

आपल्याकडे याच्या उलट प्रवास अर्चना जोगळेकरांचा. आई आशा जोगळेकरांकडे कथक शिकल्या, दूरदर्शनच्या मालिका केल्या, मराठीत १९८९ चा 'निवडुंग' केला, आणि पुढे अमेरिकेत न्यू जर्सीला नृत्यशाळा काढून पुन्हा पूर्णवेळ नाचाकडे गेल्या. पडद्यावर किती काळ दिसल्या याला माझ्या लेखी महत्त्व नाही. ज्यांनी त्यांना तेव्हा पाहिलंय त्यांना त्यांची मान वळवण्याची पद्धत आजही आठवत असेल.

अलीकडचं नाव प्राजक्ता माळी. पुण्याच्या ललित कला केंद्रात भरतनाट्यम, मग २०१३ मध्ये सुरू झालेल्या 'जुळून येती रेशीमगाठी'तली मेघना, आणि २०२४ मध्ये 'फुलवंती'त नर्तकीचीच भूमिका, निर्मितीतही सहभाग. मेघनाचं काम मला आवडायचं ते तिच्या गप्प बसण्यामुळे.


पंचवटी_वाचनकट्टा :

धागा वाचतेय, छान चाललाय. पण मला एक मांडायचंय आणि ते थोडं विरोधात जाईल.

'कहीं किसी रोज' आणि त्या लाटेतल्या मालिकांनी आपल्या घरांत काय आणलं? बाई बाईची वैरीण. दागिने, टिकली, ठसका असलेली ती दुष्ट, आणि डोळे खाली ठेवून सोसणारी ती चांगली. माझ्या ओळखीच्या घरांत सुना-सासवांची भांडणं त्या पात्रांच्या नावाने होताना मी ऐकलीत. कलाकार कसलेला आहे म्हणून संहितेकडे काणाडोळा करायचा का? इतक्या मेहनतीने कमावलेले डोळे लेखकांनी कशासाठी खर्च केले, हाही प्रश्न विचारायला हवा.


अरैमंडी :

विचारायलाच हवा. त्या संहितांची बाजू मी घेणार नाही.

पण दुष्ट पात्र स्वीकारण्याबद्दल थोडं लिहिते. भरतनाट्यममध्ये एकहार्य अभिनय असतो. एकटी नर्तकी, वेष न बदलता, एकाच रचनेत सगळी पात्रं करते. सीताही तीच आणि रावणही तीच. तुम्ही पंचवटीत राहता, शूर्पणखेची कथा तुमच्या दारातली. तो प्रसंग नाचायचा तर आधी लाडिक, लोभस बाई उभी करायची, मग अपमान, मग रौद्र, आणि प्रेक्षकाला तिघींमध्ये एकच बाई दिसली पाहिजे. हे करत वाढलेली मुलगी खलनायिका करायला कचरत नाही. फक्त नायिकाच होण्याची तयारी केलेल्या नटीला पस्तिशीत खलनायिकेची भूमिका आली की आपली उतरण सुरू झाली असं वाटतं. सुधाताईंनी रमोलाला मंथरा, कैकेयी, शूर्पणखेच्या रांगेत बसवलं असावं, म्हणून तिच्यात ओशाळलेपण कुठेच नाही. पुढे २०१५ मध्ये 'नागिन'मधली यामिनीही त्यांनी त्याच तोऱ्यात केली.


पंचवटी_वाचनकट्टा :

एकहार्यचा मुद्दा मला नवीन होता आणि पटला. कलाकाराबद्दलचं माझं मत त्याने बदललं. मालिकांबद्दलचं नाही. शूर्पणखा नाचताना नर्तकी तिचा अपमानही दाखवते, म्हणजे तिच्या बाजूनेही क्षणभर उभी राहते. त्या लेखकांनी खलनायिकांना असा क्षण क्वचित दिला. मिळाला असता तर या बाईंनी त्याचं काय केलं असतं, याचा विचार करून हळहळ वाटते.


सातपूरची_सून :

अगदी. सासूबाई म्हणायच्या, "हिला एकदा तरी मनापासून रडायला द्यायला हवं होतं."


घुंगरांची_आई :

सगळ्यांचं वाचून धीर आला म्हणून विचारते. मुलगी नववीत, कथकची प्रवेशिका पूर्ण ही सुरुवातीची परीक्षा झालीय. दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात तेवढ्यापुरतं चालू ठेवू, मग नाच बंद करून अभिनयाचा कोर्स करू, असं तिचं म्हणणं. मुंबईला ऑडिशन द्यायच्या तर पंचवटी एक्सप्रेसने येऊन-जाऊन करू म्हणते. तिच्या बाबांना हे काहीच पसंत नाही. मी मधल्यामध्ये. काय करावं?


सिडको_ते_गोरेगाव :

ताई, स्पष्ट लिहितो. ऑडिशनसाठी, नाव नोंदवण्यासाठी, 'पोर्टफोलिओ आमच्याकडूनच करा' म्हणून जो पैसे मागतो त्याच्या दारात जाऊ नका. काम देणारा पैसे मागत नाही. काम मिळाल्यावरही मालिकांत पैसे साधारण नव्वद दिवसांनी हातात येतात, तोवर मुंबईत राहण्या-खाण्याचा खर्च घरूनच. हे तिच्या बाबांनाही सांगा, म्हणजे घरात निदान खऱ्या गोष्टींवर बोलणं होईल.

आत्ता नववीत मुंबई नको. नाशकात राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी होते, परशुराम साईखेडकर नाट्यगृहात जाऊन नाटकं दाखवा. एखाद्या संस्थेच्या तालमीला बसू द्या, प्रॉम्प्टिंग करू द्या. रोज तीच वाक्यं ऐकून कंटाळा येतो की मजा वाटते, हे तिचं तिला कळेल. आणि नाच बंद करू नका. वर एवढं सगळं लिहिलंय ते त्यासाठीच. कोर्समध्ये काही महिन्यांत जे शिकवायचा प्रयत्न करतात त्यातलं अर्धं तिच्या अंगात आधीच आहे.


अरैमंडी :

मध्यमा पूर्ण या पुढच्या परीक्षेपर्यंत तरी जाऊ द्या. प्रवेशिकेत मुली तोडे पाठ करतात, भाव-अंगाचं खरं काम पुढे सुरू होतं. नेमकं जे अभिनयात लागतं त्याच्या उंबऱ्यावर ती सोडायला निघालीय. तिच्या बाबांसाठी आणखी एक : सुधा चंद्रन यांनी अपघातानंतरही शिक्षण सोडलं नाही, अर्थशास्त्रात एम. ए. केलंय.


घुंगरांची_आई :

दोघांचेही खूप आभार. एम. ए.चं ह्यांना वाचून दाखवलं. नाटकाला जायला तयार झालेत.


मखमलाबाद_नाका :

मी एरवी नुसतं वाचते. माझी भाची दहा वर्षांची आहे, गुडघ्याखाली कृत्रिम पाय आहे. तिला नाचायचंय. एकदोन ठिकाणी चौकशी केली तर 'जबाबदारी नको' म्हणून परत पाठवलं. अरैमंडीताई, तुमच्याकडे किंवा कुठेही, असं शिकता येईल का? सुधा चंद्रन व्हायचं म्हणून नाही. तिच्या वर्गातल्या मैत्रिणी शिकतात म्हणून तिला शिकायचंय.


अरैमंडी :

घेऊन या. मैत्रिणी शिकतात म्हणून, हे कारण पुरेसं आहे. पहिले काही महिने तिला बसवून हस्त (हातांच्या मुद्रा), दृष्टिभेद, शिरोभेद (डोक्याच्या हालचाली) आणि ताल शिकवीन, बाकी मुलींनाही तेव्हा तेच असतं, त्यामुळे ती वेगळी पडणार नाही. अडवू सुरू करताना ती पूर्ण बसली नाही तरी चालेल, मी तिच्या मापाची अरैमंडी ठरवीन. फरशीवर आपटणं नाही, आमच्याकडे सतरंजी आणि खाली रबराची चटई आहे. नाशिकरोड_चालता, मला काय काय माहीत असायला हवं ते कृपया सांगा.


नाशिकरोड_चालता :

सुरुवातीला वीसेक मिनिटांनी पाय काढून कातडी बघायची. लाली थोड्या वेळात गेली तर ठीक, तशीच राहिली तर त्या दिवशी उभं राहून काही नाही. पाय काढायला आडोशाची जागा आणि खुर्ची द्या, मुलींसमोर काढायचा की नाही हे तिने ठरवायचं. जास्तीचे मोजे पिशवीत हवेत, घाम पुसायला सुती कापड हवं. वाढतं वय आहे, सॉकेट लवकर लहान पडतं, तेव्हा ते बसवून देणाऱ्यांकडे नियमित माप तपासून घ्या आणि 'नाच करणार आहे' असं त्यांना आधीच सांगा, म्हणजे पट्टा आणि जोडणी ते त्या हिशोबाने बघतील. दुखतंय असं ती म्हणाली तर तिथेच थांबवा. मुलं वर्गात मागे पडू नये म्हणून दुखणं लपवतात.


मखमलाबाद_नाका :

सगळं लिहून घेतलं. शनिवारी संध्याकाळी घेऊन येते. तिची आई विचारतेय, कपडे काय लागतील, घुंगरू आत्ताच घ्यायचे का?


अरैमंडी :

सुती सलवार-कुर्ता आणि कमरेला बांधायला ओढणी. सलवार सॉकेटवरून सहज वर करता येईल अशी सैल असू द्या. घुंगरू आत्ता नकोत, कुणालाच पहिल्या वर्षी देत नाही. पत्ता आणि वेळ व्यक्तिगत निरोपातून कळवते.